छप्पनचा अठ्ठेचाळीस

चहा खाली ठेवा आधी, नायतर हसताना सांडेल. आमच्या चौकातला पेद्रू, माझा मेहुणा. आमच्यात नवरीच्या अंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात. त्याच्या पोरीच्या लग्नात ते पाणी आणायला बँड न्हाय, टेंपोवर कॉम्प्युटर वाजवणार म्हणाला.

"अरे, बँडशिवाय लग्नाचं पाणी?"

"भावोजी, गाणं म्हंजे सेकंदाला चव्वेचाळीस हजार तुकडे. मी रिसॅम्पल करून अठ्ठेचाळीस हजार केले. आता साउंड कार्डातून मध गळतोय मध!"

"मधले चार हजार कुठून आणलेस?"

"कॉम्प्युटर अंदाजाने भरतो."

"म्हंजे कोळणी टोपलीत मावऱ्याखाली बर्फ भरतात, तसं?"

पेटला ना! "माझे डोळे बांधा! कच्चं चव्वेचाळीसवालं कुठलं, पक्कं अठ्ठेचाळीसवालं कुठलं, नुसत्या कानाने सांगतो. चुकलो तर बँड बोलवतो!"

मी डोळ्यांना टॉवेल बांधला. पहिलं गाणं त्याचं रिसॅम्पलवालं लावलं.

"हे पक्कं!" बरोबर बोलला.

मग मी कॉम्प्युटर बंद केला आणि खिडकीकडे हात केला. बाहेर आमच्या बँडचा जुझे क्लॅरिनेट घेऊन उभा; पेद्रूला बँडसाठी पटवायला मीच त्याला आणलेला. त्याने तेच गाणं वाजवलं.

पेद्रूने तोंड वाकडं केलं. "ई! हे कच्चं. कसं घासतंय बघा. ह्याला अठ्ठेचाळीस करायला लागेल."

जुझेने खिडकीतून डोकं आत घातलं. "पेद्रू, मी वयाने छप्पनचा हाय. अठ्ठेचाळीसचा करतोस तर कर रे बाबा, लग्नात फुकट वाजवतो!"