चुंबकत्व गळणारी पूड

प्रयोगशाळेत चुंबकत्व मोजायच्या मशीनसमोर रांग होती. माझ्यापुढे एक मिशाळ काका होते, त्यांच्यापुढे एक मुलगी. दोघांच्या हातात एकेक बाटली.

"पोरी, सांगून कुणाला पटायचं नाही, पण लोखंडाच्या ऑक्साइडची इतकी बारीक पूड आजवर कुणी केलेली नाही."

"किती बारीक, काका?"

"आठ नॅनोमीटर! परवा झाकण उघडलं, तर लोहचुंबकाकडे अशी धावली की जाताना माझा चष्माही घेऊन गेली."

"अगंबाई! मग सापडला का?"

"हा काय नाकावर. पण तिचं चुंबकत्व गळतंय गं. दुपारपर्यंत बाटली रिकामी समज. तुझा नंबर मला दे, तू उद्या ये."

"उद्यापासून मशीन महिनाभर बंद आहे. आज मोजलं नाही तर माझा प्रबंध अडकला."

"तुझी पूड तरुण आहे, थांबेल. माझी थकलीय."

"नक्की आठच नॅनोमीटर?"

"एक जरी जास्त निघाला तर मिशी उतरवेन!"

"मग काका, इतकी बारीक पूड लोहचुंबक दूर केला की तिथल्या तिथे सगळं चुंबकत्व सोडून देते. बाटलीत काही उरलेलंच नाही, तर सकाळपासून गळतंय ते काय? तुमची थाप?"