चौकोन सरकत होते

नाही, नाही. डिफ्रॅग मी करत नाही. कुणालाच करून देत नाही. मागच्या दुकानवाल्याने करून दिलं असेल तर त्याच्याकडे जा — अहो, बसा हो, लगेच काय उठताय, तुमचे फोटो अजून कॉपी होतायत. वीस मिनिटं दाखवतंय म्हणजे पाऊण तास धरा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय गेलाय, ह्या स्टुलावर बसा. काय वाचलंत म्हणे फोनवर? दर महिन्याला डिफ्रॅग केलं की मशीन नव्यासारखं पळतं? पळतंय! ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात एक स्क्रू तरी उघडलाय का? — अहो, तुमच्या लॅपटॉपात फिरणारी तबकडीच नाही. नुसती चिप आहे. पूर्वीच्या डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरायची आणि तिच्यावर एक बारीक हात इकडून तिकडे धावायचा. एका फाइलचे तुकडे चार ठिकाणी पडलेले असले की त्या हाताची धावपळ. म्हणून ते तुकडे उचलायचे आणि शेजारी शेजारी लावायचे — झालं तुमचं डिफ्रॅग. चिपला धावायचंच नसतं, तिला पहिला कप्पा काय आणि शेवटचा काय. उलट उगीच उचल-ठेव केली की झिजते बिचारी.

जुन्या डिस्कला? हां, फिरणारी असेल, गळ्यापर्यंत भरलेली असेल, तर पडतो थोडा फरक. थोडाच. आणि तेही आता मशीन रिकामं बसलं की आपलं आपण उरकतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. काही सिस्टिम तर अशा असतात की फाइल ठेवतानाच बाजूला मोकळी जागा सोडतात, तिथे ह्याची गरज कधी पडलीच तर अगदी क्वचित. मग आम्ही दुकानदार उठसूट का करायचो? — सांगतो ना. दिसायला छान दिसायचं म्हणून! पडद्यावर रंगीत चौकोन. लाल, निळे, पांढरे. सरकताहेत, जुळताहेत, लाल कमी होतंय, निळं वाढतंय. गिऱ्हाईक आपलं हनुवटीला हात लावून बघत बसलंय. त्याला वाटायचं, काहीतरी चाललंय बुवा. आणि मी तेवढ्यात दुसऱ्याचं मशीन उघडायचो. माझी पद्धतच होती ती — मशीन टेबलावर आलं की वायर जोड, डिफ्रॅग लाव, आणि मग विचार, काय झालंय म्हणून. आधी औषध, मग नाडी. असला डॉक्टर मी!

आता आधी विचारतो. तुम्हालाही विचारलं, आठवतंय? आल्या आल्या विचारलं — काही डिलीट झालंय का, हवं असलेलं? तुम्ही वैतागलात, म्हणालात हा काय पोलिसासारखा विचारतो. वैतागा खुशाल. डिलीट केलं म्हणजे फाइल जाते असं वाटतं ना लोकांना? जात नाही. नुसतं यादीतलं नाव खोडलं जातं. माल जागच्या जागी असतो, जोवर त्याच्यावर दुसरं काही येऊन पडत नाही तोवर. त्या जुन्या डिस्कवर तर अगदी आरामात परत काढता यायचं. फक्त हात लावायचा नाही, मशीन बंद करायचं आणि जाणत्या माणसाकडे न्यायचं. माझ्या दादाने तेच केलं. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्याला, पण केलं अगदी बरोबर तेच. आणलं ते माझ्याकडे. इथेच चुकला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अंध मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचा. तुम्ही म्हणाल, ज्यांना दिसत नाही त्यांना नकाशा कसा शिकवणार? तेच तर! बोटांना लागतील असे उठावाचे नकाशे असतात हो, पण महाग, शाळेत मोजून तीन. म्हणून ह्या माणसाने काय केलं — एकेक नकाशा मुलाच्या अंगावर बसवला. म्हणजे असं बघा, "तुझा डावा खांदा म्हणजे डोंगर. नदी तिथून निघते. आता बोट खाली आण, छातीवरून, तिरकं. बरगडी लागली? तिथे तिला दुसरी नदी मिळते. उजव्या कमरेपाशी समुद्र." असे दोनशे अकरा नकाशे. लिहिलेले, वर्गात करून बघितलेले, चुकलं की परत लिहिलेले, आणि मग स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेले. नऊ वर्षं लागली. पोरं वर्गात स्वतःच्या पोटावर बोट फिरवत खिदळायची म्हणे. गुदगुल्या होतात सर! आणि भूगोल मात्र पाठ.

सगळं एका मशीनवर. दुसरी कॉपी? — ती मी करून देणार होतो. पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी. असे किती रविवार गेले, विचारू नका. घरात कॉम्प्युटरवाला भाऊ असला की हे असं होतं.

तर त्याची पोरगी, छकुली, बारा वर्षांची होती तेव्हा. शाळेच्या प्रकल्पाचे फोटो टाकायचे होते, मशीन म्हणालं जागा नाही. तिने बघितलं, सगळ्यात मोठं फोल्डर कुठलं? उडवलं. रिसायकल बिनही रिकामी केली, शहाणी पोर, स्वच्छता आवडते! दादाने बघितलं आणि तिथल्या तिथे वायर उपटली. मशीन मांडीवर घेऊन बसने इथवर आला. मी जेवायला गेलेलो. त्याला शाळा गाठायची होती, मशीन ठेवून गेला. मी आलो, बघितलं दादाचं मशीन, लावलं डिफ्रॅग. सवय हो. हात आपले आपण चालतात. मोकळी जागा दिसेल तिथे ते फाइली उचलून ठेवतं — आणि मोकळी जागा म्हणजे कुठली? नाव खोडलेली. दादाचेच नकाशे. एकावर एक, एकावर एक. मी समोर बसून चौकोन बघत होतो. मला काय माहीत?

…

काय बघताय असे? नव्हतं माहीत. — बरं. चिठ्ठी होती. मशीनवर चिकटवलेली. पडली होती खाली, नंतर सापडली, असं मी बायकोलासुद्धा सांगितलंय. पडली नव्हती. समोर होती, ह्या एवढ्या मोठ्या अक्षरात, मास्तराचं अक्षर, एकेक वळण घोटलेलं — "सुरू करू नकोस. आधी मला फोन कर." वाचली मी. दोनदा वाचली. आणि हसलो. म्हटलं, आता हा मला मशीन शिकवणार! लहानपणापासून तेच — सायकल अशी धर, पेन असं धर, दहावीला नापास झालो तर चारचौघांत म्हणाला, ह्याला जरा हळू समजतं. आणि आता माझ्या दुकानात, माझ्या टेबलावर, चिठ्ठी! दाबलं बटण. मुद्दाम दाबलं. तासाभराने फोन केला तेव्हा मागे चौकोन सरकतच होते, आणि दादा सांगत होता, अरे सगळं गेलंय रे, पण तू काढशील ना? पहिल्यांदाच आयुष्यात मला म्हणाला, तू काढशील ना.

मी म्हटलं, डिस्कच खराब झालीय. नवीन बसवून दिली, जुनी त्याच्या हातात दिली. बस्स. विषय संपला. माझ्यापुरता संपला! पोरीला कुणी एका शब्दाने बोललं नाही, दादाने तर नाहीच. तेच वाईट झालं. तिने आपलं आपण मनाला लावून घेतलं, मी बाबांची नऊ वर्षं पुसली म्हणून. त्यानंतर त्या घरात तिने कशालाच हात लावला नाही. फोनसुद्धा दुसऱ्याला विचारून उघडायची. आज सव्वीस वर्षांची आहे, जुने कागद, जुन्या डिस्क जपायच्या ऑफिसात कामाला लागलीय, आणि मला म्हणते, काका, मी रद्दीसुद्धा टाकत नाही हो. मी ऐकून घेतो. चौदा वर्षं ऐकून घेतोय.

दादा गेला गेल्या महिन्यात. त्याला सांगायचं राहिलं — राहिलं कसलं, मी सांगितलंच नाही. भेकड आहे मी, दुसरं काय. पण तिला सांगणार. आज येतेय ती, सकाळी फोन आला, काका, बाबांचं कपाट आवरतेय, एक वस्तू दाखवायचीय. म्हटलं ये, मलाही बोलायचंय. ठरवलंय मी. तुमच्यासारख्या परक्या माणसासमोर बोलून झालं, आता तिच्यासमोर काय अवघड आहे? दोन वाक्यं. छकुली, ते तुझ्यामुळे गेलं नाही. माझ्यामुळे गेलं. झालं!

— ये गं, ये. असू दे चप्पल, ये आत. हे आपले गिऱ्हाईक, त्यांचे फोटो होताहेत, बस तू. पाणी घेतेस? किती वाळलीस गं. बरं, काय दाखवायचं म्हणत होतीस? … अरेच्चा, ही! ही अजून ठेवली होती दादाने? काय हा माणूस. टाकून द्यायची ना, मेलेली डिस्क ती, मी तेव्हाच त्याला सांगितलं होतं, तबकडीवर चरेच पडलेत म्हणून, कशाला जपून — काय? कुठे लावलीस?

तुझ्या ऑफिसात?

मग? … चालली म्हणतेस? एकही चरा नाही?

…

साहेब, तुम्ही निघा आता. राहू द्या ते फोटो, उद्या या, परवा या. निघा म्हणतो ना! आणि जाताना ते दार ओढून घ्या.