काचेच्या कपाटाला कुलूप

—नाही नाही काका, एवढ्या खाली नको, अजून वर घ्या. तिथं ठमीचा हात पोचेल. हे कामावर जाताना जिन्यातून परत आले सांगायला — सुतारकाकांना म्हणावं, पोरीचा हात पोचणार नाही असं कुलूप बसवा. स्टुलावर चढली तरी पोचता कामा नये. आता तीन वर्षांची पोर स्टूल ओढून आणणार आहे का? पण आणेलही, काय नेम. तिथं? हां, तिथं बरोबर आहे. थांबा, भोक पाडायच्या आधी वरच्या फळीवरची यंत्रं काढून घेते. भुसा उडाला की बटणांच्या फटीत जाऊन बसतो, मग हे रंगाच्या ब्रशानं एकेक कण काढत बसतात. कपाट तुम्हीच केलंत, तुम्हाला काय सांगायचं. तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, ताई, आत काय ठेवणार, भांडी का बाहुल्या? मी म्हटलं, जुने व्हिडिओ गेम. केवढे हसला होतात! हसा हो, मला राग नाही. शेजारीण तर म्हणते, भंगारवाला तुमच्या दारावरून हात जोडून जात असेल.

पण मांडलंय कसं ते बघा ना. जुन्यात जुनं वर, मग खाली खाली नवं, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचे दोन रिमोट, मागं त्याच्या कॅसेटी, नावं दिसतील अशा उभ्या. हा जाडजूड टीव्ही खाली, कारण नव्या चपट्या टीव्हीवर म्हणे यातलं निम्मं चालतच नाही. आणि पडदा दिवसा उघडायचा नाही. का? उन्हानं हे पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, म्हाताऱ्याच्या दातासारखं. वायर घट्ट गुंडाळायची नाही, आतली तार तुटते. सैल वेटोळं करायचं नि चिंधीनं बांधायचं. रबरबँड? अजिबात नाही, रबर वितळून चिकटतं. खोकी टाकायची नाहीत, रिकामी असली तरी — खोक्यासकट असलं तर त्याला मान. बघा, सगळं पाठ आहे मला. सातवीपर्यंतच शिकले, पण एकदा सांगितलेलं विसरत नाही. यांनी सांगितलेलं तर नाहीच. हे सांगतातही असं की राग येत नाही. वर्कशॉपात दिवसभर ग्रीसमध्ये हात, पण घरी आल्यावर आधी साबणानं कोपरापर्यंत धुणार, आणि मगच कपाट उघडणार. मी चिडवते — माझा हात धरताना कधी एवढे धुतले नाहीत!

काय म्हणालात? वास? कसला वास? खालच्या कप्प्यातून? नाही हो — ते कपड्यांचं असेल. रंगकाम काढलं होतं ना मध्यंतरी, तेव्हा ठेवणीतले गरम कपडे होते तिथं, त्याचाच. कपडेच होते. लावून घ्या ते दार. लागत नाही का नीट? द्या, मी लावते.

हे? हे कशाला बोलतील? यांना वास येतच नाही. ठमीच्या जन्माआधी मोठा ताप आला होता, त्यात गेला तो गेलाच. दूध नासलं का, गॅस सुटला का, शर्ट आज चालेल का — सगळं माझ्या नाकावर. ‘जरा बघ गं,’ म्हणतात आणि पुढं करतात. मी हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. स्वतःच्या नाकावर माणूस ठेवणार नाही एवढा भरवसा. एवढा ठेवू नये खरं तर कुणी कुणावर — तुम्ही पाडा भोक. मी आपली बडबडते आहे.

ठमी? ती काय, दारात उभी आहे तुमच्या मागं. ठमे, ये की, सुतारआजोबांना ओळखलं नाहीस? यांनी कपाट केलं तेव्हा तू रांगत होतीस, यांच्या पट्टीला धरून उभी राहिलीस पहिल्यांदा. ये. नाही येणार ती. उंबऱ्याच्या आत नाही येत हल्ली. लाजत नाही हो, लाजरी कसली, मागच्या वेळी तुमची पेन्सिल पळवली होती तिनं. हात? हात काय — असेच ठेवते ती. मागं. सवय लागलीये. लहान मुलांना लागतात कसल्या कसल्या सवयी. बालवाडीतल्या बाईंनीही विचारलं, ही हात मागं बांधून का उभी असते, मातीचे गोळे करायला पुढं केले तर घेत नाही. मी म्हटलं, थंडी वाजत असेल.

नाही, तसं नाही, यांनी मारलं नाही हो तिला! देवाशप्पथ नाही. यांना मारणं सोडा, ओरडताही येत नाही. उलट रविवारी तिला मांडीवर घेऊन इथंच बसायचे. एक यंत्र बाहेर काढायचं, जोडायचं, आणि दुसरा रिमोट हिच्या हातात द्यायचा — त्याची वायर कुठंच जोडलेली नसायची, पण हिला वाटायचं आपणच खेळतोय. जिंकले की हिची मिरवणूक, हरले की म्हणायचे, ‘ठमाबाई, तुम्ही चुकीचं बटण दाबलंत.’ मी स्वयंपाकघरातून ऐकत असायची. तो आवाज आला की माझ्या जिवाला बरं वाटायचं, आता पोर पडणार नाही, भाजणार नाही, काही गिळणार नाही. मला सारखी धास्ती असते ना — कुणी हसलं तरी चालेल, पण मी नाणं दिसलं तरी उचलून वर ठेवते.

मग काय झालं, रंगकाम झाल्यावर यांनी खोकी उघडली. पहिलंच उघडलं ते वन्संचं. म्हणजे माझ्या नणंदेनं पहिल्या पगारात यांना घेऊन दिलेलं, यातलं सगळ्यात पहिलं यंत्र. हे बघा, हे. झाकणावर खड्डे दिसतात? गोल गोल. आणि हात लावून बघा, अजून चिकट लागतं. हे कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, हे तापलंय कशानं तरी, ऊन नाहीतर हीटर, प्लास्टिक मऊ पडलं नि कुणीतरी बोटं खुपसलीत. आणि ठमीला जवळ घेतलं, तिचं बोट धरलं, आणि खड्ड्यात ठेवून बघितलं.

बसलं. बरोबर बसलं.

‘असं नाही करायचं, बाळा,’ एवढंच म्हणाले. बस. तिनं एकदा बोटाकडे बघितलं, एकदा खड्ड्याकडे. आणि हात मागं नेले. तेव्हापासून. विचारलं तर म्हणते, ‘मी मोडलं बाबांचं.’ स्वतःहून सांगते, आल्यागेल्याला सांगते. तिला आठवायला लागलंय काका, जे तिनं केलंच नाही ते तिला आठवायला लागलंय —

काही नाही. म्हणजे, कुणाला काय माहीत, केलंही असेल. मी कुठं दिवसभर मागं होते तिच्या. तुम्ही असे बघू नका. स्क्रू लावा तुम्ही.

यांनी मला विचारलं होतं. तेव्हाच, तिथल्या तिथं. यंत्र पुढं केलं माझ्या नाकापुढं — दुधाचं पातेलं धरतात ना, तसंच — आणि म्हणाले, ‘जरा बघ गं, जळका वास येतोय का?’ मी वास घेतला. जळका नव्हताच. मी म्हटलं, ‘नाही, काहीच वास नाही.’ आता जळका नव्हता हे खरंच की नाही? खोटं कुठं बोलले? पण दुसरा होता. डोक्यात जाईल इतका होता. तुम्हाला एवढ्या लांबून आला, मला नाकाशी धरून येणार नाही?

डांबरगोळ्या होत्या, काका. कपडे नव्हते खाली, कधीच नव्हते. रंगकामासाठी सगळी यंत्रं खोक्यांत भरायची होती; बाकीची यांनी भरली, शेवटची तीन राहिली आणि यांची वर्कशॉपातली पाळी लांबली, तर म्हटलं, मीच भरते, आल्यावर खूश होतील. एका खोक्याच्या कडेला कसर लागलेली दिसली. पुठ्ठा खातात ना ते चंदेरी किडे. हे म्हणाले असते, ओल शोषणाऱ्या पुड्या टाक, वारा लागू दे. पण मला वाटलं, एक तरी गोष्ट मला माझी कळते. आई ठेवायची ट्रंकेत, एक धागा कधी कुरतडला गेला नाही. त्या तिन्ही खोक्यांत टाकल्या, यंत्रावरच. आणि ठमीच्या तोंडात जायला नकोत म्हणून चिकटपट्टी लावली, दोनदोन वेढे, कुठं फट म्हणून ठेवली नाही. त्यानंच झालं. वारा लागला असता तर कदाचित झालं नसतं इतकं. पाकिटाच्या मागं लिहिलंय बारीक अक्षरात, प्लास्टिकजवळ ठेवू नये. मी नंतर वाचलं. आणि डांबरगोळी केवढी असते? ठमीच्या बोटाच्या पेराएवढी. मला ते बोट त्या खड्ड्यात जाताना दिसलं नि कळलं. जीभ उचललीच नाही. म्हटलं, पोर आहे, पोराला माफ असतं, दोन दिवसांत विसरेल. मला कोण माफ करणार, मी बाईमाणूस मोठी. दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर उरलेल्या दोन खोक्यांतल्या गोळ्या काढल्या — खड्डे तिथंही तसेच — पुसलं, परत चिकटपट्टी लावली जशीच्या तशी. ती खोकी खाली आहेत. अजून उघडलेली नाहीत यांनी. आज कुलूप लागलं की उद्या रविवारी उघडणार, निवांत. आणि किल्ली यांच्याकडे.

अगं बाई, स्क्रू पडला बघा. राहू दे काका, तुम्ही वाकू नका, कमरेचं दुखणं तुमचं. ठमे, तुझ्या पायाशी आहे बघ, दे बरं आजोबांना. दे की, राणी. अगं, नुसता उचलून द्यायचा —

ऐकलंत? ‘मी नको, मी मोडते.’

लोखंडाचा स्क्रू, काका. लोखंडाचा.

थांबा. मशीन बंद करा. नको ते कुलूप. भोक पडलं? पडू दे, असू दे भोक, मी सांगते यांना भोक कशाचं ते. तुम्ही सामान भरा. नाही, रागावलेले नाही तुमच्यावर, तुमचं काय चुकलं. हे उचला, ही दोन खालची खोकी जरा वर टीपॉयवर ठेवू लागा मला. उघडीच ठेवते. आणि हे वन्संचं यंत्र समोर, मधल्या फळीवर, खड्डे दिसतील असं. गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यामागं आहे, आणते — टाकून देववलं नाही मला, का कुणास ठाऊक. आता ही एक गोळी. या खड्ड्यात. बघा कशी बसते, दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही अशी.

ठमे, तू हात लावायचा नाहीस हां — नाही, म्हणजे फक्त या गोळीला. ही वाईट असते म्हणून. बाकी सगळ्याला लाव. यंत्राला लाव, काचेला लाव, ये, आत ये, आई आहे ना इथं.

जिन्यात पावलं वाजतायत, शनिवारची अर्धीच पाळी, यांचीच आहेत, डाव्या पायावर भार देऊन चढतात. पाणी विचारलं नाही तुम्हाला, बघा, पुढच्या वेळी. नाही, वास कळणार नाही यांना. म्हणून तर समोर ठेवलीये. दिसेल. या तुम्ही आता, काका. दार ओढू नका, उघडंच राहू द्या.