बघण्याच्या कार्यक्रमातला चहा

सटाण्याहून नाशिकला येणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर मुलगी बघून परतणारे मायलेक होते. मी खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करत होतो.

"पोरीनं ट्रे समोर धरला आन् तू म्हणतो, मला नको!"

"आई, चहा नको म्हटलं. मुलगी नको असं कुठं म्हटलं?"

"पोरीच्या घरचा चहा घेतला नाय म्हणजे पोरगी पसंत नाय. शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय!"

"चहातल्या कॅफिननं झोप उडते. अंबडला आमच्या कंपनीचा डॉक्टरच म्हणाला."

"मग डॉक्टरच्याच पोरीशी कर लगीन! घोटभर पिऊन मेला असता का रं, मयूर?"

"मी त्यांना कारण सांगितलं ना."

"तेच तर! तिचा बाप मला दाराशी विचारत व्हता, पोराला कॅफिन कधीपासून झालंय म्हणून!"

"अगं, तो काय रोग आहे?"

"आता ते तिला बघून गेलेल्या वणीच्या पाव्हण्यांना होकार देतील. मग झोप म्हणावं गाढ!"

"वेदिकालाही वाटलं असेल का गं, मी नाही म्हणालो?"

"नाय तर काय! तुझा भरलेला कप तिनंच आत नेला. मान वर केली नाय पोरीनं. आवडली व्हती का तुला?"

"हो."

"मग तिथं तोंड शिवलं व्हतं का!"

"कंडक्टर, देवळ्याला थांबवा. मला उतरायचंय."

"आता कुठं निघाला?"

"सटाण्याला. चहा प्यायला."

"जा! आन् तिथं बिनसाखरेचा मागू नको!"