शेडच्या चित्राखालची जागा

(नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या एका गावाची ग्रामपंचायत. भिंतीवरच्या तक्त्यावर दोन चित्रं : वाहनतळ आणि फुलांची शेड. विकास आराखड्यासाठी गावकऱ्यांनी आपापल्या पसंतीच्या चित्राखाली लाल टिकल्या चिकटवल्या आहेत. सभा उठली आहे. सर्वेक्षणाला आलेली शुभांगी, सरपंच रंगनाथ आणि त्याची आई सरुबाई आत राहिली आहेत.)

सरुबाई : ...दव असतानाच झेंडू तोडायचा. गोणपाटात बांधून, डोक्यावर घेऊन हमरस्त्याला यायचं. टेम्पो येईस्तोवर ऊन चढतं. मग एकीनं पाणी शिंपडायचं, दुसरीनं पदराची सावली धरायची. तरी फूलबाजारात व्यापारी बोटानं दाबून म्हणतोच, शिळं हाय. रोजचं असंच हे, ताई.

शुभांगी : कालही शेतात तुम्ही मला हेच सांगितलंत. मग शेडच्या चित्राखाली तुमची टिकली का नाही?

रंगनाथ : मॅडम, गायरान एकच आहे. कुंभमेळ्याला गाड्या येतील, पोरांना धंदा मिळेल. लोकांनी वाहनतळ निवडला. तसा अहवाल पाठवा.

शुभांगी : शेजारी तुमचं लॉजही होतंय ना?

रंगनाथ : होतंय. चोरून नाही बांधत. आणि माझ्या आईनं माझ्याविरुद्ध टिकली लावली नाही, याचा अर्थ तुम्हाला कळायला हवा.

शुभांगी : आजी, खरंच म्हणून नाही लावलीत?

सरुबाई : राहू द्या ना, ताई.

शुभांगी : बाहेर पायरीवर बसलेल्या बायकांपुढेही मी टिकल्यांचं पाकीट धरलं होतं. एकीनंही हात पुढे केला नाही. रागावल्या का माझ्यावर?

सरुबाई : राग कशाचा? त्या माझ्यासारख्याच हायेत. कुणाचा धनी दारूनं नेला, कुणाचा गाडीखाली गेला. टिकलीला बोट लावायचं आमचं कवाच सुटलं. आन् इथं तर सगळ्या गावासमोर.

शुभांगी : ...माझ्या मनातही आलं नाही. टिकल्या दुकानात सहज मिळाल्या, म्हणून घेतल्या. चूक माझी आहे, आजी. तुम्ही झेंडूचं फूल ठेवा. मी तेही मोजीन.

सरुबाई : नको. मग तेवढंच वेगळं दिसंल. उद्या म्हणतील, ही बोडक्या कपाळांची मतं.

रंगनाथ : आई, मला वाटलं, तू माझ्यासाठी गप्प बसलीस.

सरुबाई : तुझं कॉलेज ह्या फुलांवर झालं, रंगा. गप्प बसले ती टिकलीपायी.

रंगनाथ : लॉजचा पाया झालाय.

सरुबाई : ठाऊक हाय. त्याला रोज पाणी मीच मारते.

रंगनाथ : मी निकाल सांगून बसलोय. आता फिरवला तर लोक मलाच विचारतील.

सरुबाई : विचारू दे. ताई, ते पाकीट द्या इकडं.

शुभांगी : सावकाश, आजी. आधी मागचा कागद सोलावा लागतो.

सरुबाई : लागली बघा शेडखाली. रंगा, बाहेरच्यांना तू बोलव. तू बोलावल्याबिगर त्या आत यायच्या नाय.

रंगनाथ : आई...

सरुबाई : मी जबरदस्ती करत नाय. उन्हात बसल्यात, एवढंच.

रंगनाथ : ...बयाकाकू, या. सगळ्याच आत या. मोजणी अजून संपलेली नाय.

सरुबाई : आन् तो तक्ता जरा खाली घे. बयाबाईचा हात पुरायचा नाय.

रंगनाथ : एवढा बास?

सरुबाई : अजून थोडा.