मळ्याच्या वस्तीवरची मोजणी

"वस्तीवर प्रवासीच नाहीत, तं बस कोणासाठी सोडू, आजी?" वाशीमच्या स्टँडावरचा साहेब माझ्यावर खेकसला.

मी काय ऐकून घेणारी? म्हटलं, "त्या नव्या कॉलनीले अर्ध्या अर्ध्या तासाले बस. तिथं घरोघरी मोटारसायकली हायेत, बस रिकामीच फिरते. अन् आमच्या मळ्याच्या वस्तीले दिवसातून एक, तीबी अकराले!"

"सर्व्हे केला ना आमी. आमचा माणूस तुमच्या फाट्यावर बसला होता. चारच लोकं मोजले त्यानं."

"किती वाजता बसला होता?"

"अकरा ते एक."

आता बघा. आम्ही मळेवाले पहाटेच मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर उपटतो आणि पाचला गाठोडं डोक्यावर घेऊन पायी निघतो. सहाला बाजारात भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव असतो. तो चुकला की माझी मेथी सुकून जाते, कोणी हात लावत नाही. अकराला वस्तीत उरतात त्या कोंबड्या!

हे त्याला सांगितलं, तर तोऱ्यात म्हणतो, "बरं, उद्या पहाटे पाचले मीच येतो मोजायले."

मी म्हटलं, "या ना साहेब, पण फटफटी घरी ठेवा अन् बसनं या."