श्वास सोडू का?

'खट्ट!' एक्स-रे यंत्राचा तो आवाज मला अजून आठवतो. तारापूरच्या कारखान्यात होतो तेव्हा दरवर्षी छातीची तपासणी व्हायची. "श्वास रोखा," म्हणायचे, आणि खट्ट झालं की सोडायचा.

परवा बोईसरच्या एका दवाखान्यात नवे डॉक्टर छातीची सोनोग्राफी शिकत होते. सरावाला आणि परीक्षेला धडधाकट माणूस हवा होता, म्हणून मी आडवा झालो. त्यातल्या एका मुलीची परीक्षा होती, तिचे सर शेजारी कागद घेऊन उभे होते. तिने गार जेल लावून यंत्र टेकवलं, तसा मी श्वास धरला.

"सर, यांचं फुप्फुस हलतच नाहीये!" ती घाबरून म्हणाली.

"आजोबा चालत आलेत. तुलाच बघता येत नाही," म्हणत सरांनी कागदावर 'नापास' लिहिलं आणि यंत्र स्वतः टेकवलं. मी पुन्हा श्वास धरला.

सरांनाही फुप्फुस हलताना दिसेना. "आजोबा, दम लागतोय का? बोला ना!"

बोलणार कसा? शेवटी राहवेना. "खट्ट कधी होनार, साहेब? श्वास सोडू का आता?"

पोरगी खुदकन हसली.

"तिचं काय चुकलं नाय, साहेब," मी म्हटलं. "मीच श्वास धरला होता."

सरांनी 'नापास' खोडलं, यंत्र तिच्या हातात दिलं आणि निघून गेले.